दार नसलेला जिना

आमचे हे जन्मभर लिफ्टची दुरुस्ती करत आले. निवृत्त झाले आणि थोड्याच दिवसांत घरातल्या प्रत्येक बिजागरीला तेल घालून झालं. मग माझ्या शिलाई मशीनलाही घातलं, नको तिथे, आणि एका गिऱ्हाइकाच्या पांढऱ्या शर्टाला डाग पडला. माझा कपडे दुरुस्तीचा धंदा, त्यात असले डाग परवडत नाहीत. मी हात जोडले. म्हटलं, अहो, स्वतःला काहीतरी उद्योग शोधा, नाहीतर मी शोधून देईन आणि तो तुम्हाला मुळीच आवडायचा नाही.

तेव्हा यांना तो खेळ सापडला. जिओकॅशिंग म्हणतात त्याला. एक डबी कुठेतरी लपवायची, ती जागा नेमकी कुठे आहे ते फोनवरच्या नकाशात टाकायचं आणि त्या जागेची थोडी माहिती लिहायची. मग कुठली कुठली माणसं फोन नाचवत येतात, डबी शोधतात, आतल्या कागदावर आपलं खेळातलं नाव लिहितात, डबी होती तिथे ठेवतात आणि घरी जाऊन फोनवर कळवतात की सापडली, मजा आली. झालं. बक्षीस नाही, काही नाही.

"म्हणजे लपाछपी," मी म्हटलं.

"लपाछपीत लपणारा कंटाळून बाहेर येतो. डबी येत नाही," हे म्हणाले. या वयात एवढा अभिमान!

जागा यांनी निवडली ती बंद पडलेल्या दोऱ्याच्या कारखान्यामागची. तिथल्या गल्लीत भिंतीला लागून एक लोखंडी जिना आहे. चांगला भक्कम, कठड्याला वेलबुट्टी काढलेला. वर चढत जातो, एक वळण घेतो, छोट्याशा कट्ट्यावर पोचतो, आणि पुढे भिंत. दार नाही, खिडकी नाही. चढा, भिंतीला नाक लावा आणि उतरा. गल्लीच्या तोंडाशी एक न्हावी आहे. तो म्हणे, बांधणारा पिऊन तर्र असणार, दुसरं काय! तेवढंच. त्यापलीकडे कुणाला काही ठाऊक नव्हतं.

आमच्या यांनी त्याला फोडणी दिली. फोनवर लिहिलं की एका मिस्त्रीने नकाशा उलटा धरला, जिना भलत्याच भिंतीला लावला, आणि वर पोचल्यावर भिंतीवर टकटक करून कुणी उघडतंय का याची वाट बघत बसला. त्याला नाव दिलं उलटा मिस्त्री. अजूनही बसलाय म्हणे, तुम्हीही टकटक करून बघा. मी वाचलं आणि पोट धरून हसले, खोटं कशाला बोलू. यांचा हात इतका चालतो हे मला संसाराच्या उतरणीवर कळलं.

लोकांनी तर डोक्यावर घेतलं. गावात यांच्या डबीला सगळ्यांत जास्त पसंती. लांबलांबून माणसं यायची, जिन्यावर चढून टकटक करायची, फोटो काढायची. हे संध्याकाळी मला एकेक शेरा वाचून दाखवायचे आणि मी पँटची उंची कमी करता करता "हं, हं" करायची.

पण डबी लपवून भागत नाही. तिची देखभाल असते. आतला कागद ओला होतो, पेन्सिलीचं टोक मोडतं, झाकणाचं रबर सैल पडतं. डबी वरच्या कट्ट्याखाली लोहचुंबकाने चिकटवलेली, तर चुंबकाला गंज धरतो. कुणी "कागद भिजलाय" असं कळवलं आणि मालक गेलाच नाही, तर खेळ चालवणारे ती डबी बंद करून टाकतात. म्हणून हे दर आठवड्याला जायचे. सोबत कोरा कागद, प्लॅस्टिकची पिशवी, फडकं, आणि अर्थात तेल. लागल्या हाती जिन्याच्या बोल्टांनाही तेल घालून यायचे. सवय जाते थोडीच?

आता खेळाबाहेरच्या माणसाला डबीचा पत्ता लागता कामा नये, हा त्यांचा मोठा नियम. आणि पिकल्या केसांचा माणूस दर आठवड्याला जिन्याखाली हात घालून काहीतरी चाचपतोय म्हटल्यावर कुणाला शंका येणार नाही? त्यावर या खेळाडूंची एक युक्ती असते. भडक नारिंगी जॅकेट घालायचं, हातात क्लिपची पाटी धरायची. मग कुणी विचारत नाही. लोकांना वाटतं, असेल कुठल्यातरी खात्याचा. ते जॅकेट मीच शिवून दिलं, उरलेल्या नारिंगी कापडाचं, वर चंदेरी पट्ट्या लावून. अंगात घातल्यावर असे रुबाबदार दिसले की मी म्हटलं, जरा पाण्याच्या नळाची तक्रारही घ्या लिहून. पाटीवर नुसता कोरा कागद असायचा. त्यावर हे कावळे काढायचे.

एकदा सकाळी हे वरच्या कट्ट्यावर गुडघे टेकून बसले होते, तेव्हा हाक आली.

"अहो नगरपालिका! इकडे बघा!"

गल्ली अरुंद. समोरच्या घराची वरची खिडकी बरोबर त्या कट्ट्याच्या उंचीला. खिडकीत एक म्हाताऱ्या आजी बसलेल्या. आजींच्या डोळ्यांवर पडदा आलेला, माणूस आणि रंग तेवढा दिसतो, अक्षर लागत नाही. त्यांना नारिंगी रंग दिसला होता.

"किती दिवस बघतेय तुम्हाला. तेल घालता ना? ऐकू येतं मला, हल्ली पायऱ्या करकरत नाहीत. या वर, चहा घ्या."

तिथेच सांगायचं होतं, की आजी, मी नगरपालिकेचा नाही. पण नियम! डबीचं गुपित! हे गेले, चहा प्यायले आणि घरी आले. मी दोनदा विचारलं तेव्हा तोंड उघडलं.

तो जिना आजींच्या वडिलांनी बांधला होता. ते त्या कारखान्यात लोखंडकाम करायचे. वरच्या मजल्यावर दोरा गुंडाळणाऱ्या बायका बसत, आजींची आईही त्यांतलीच, आणि खाली यायला आतून एकच लाकडी जिना. आग लागली तर या बायका उतरणार कुठून, म्हणून वडील मालकाच्या मागे लागले. मालक म्हणाला, तू जिना बांध, मग दार काढू. त्यांनी सुट्टीच्या दिवशी मोडीतलं लोखंड जमवून बांधला. कठड्याची वेलबुट्टी बायकोसाठी. आणि जिना वर पोचल्यावर मालक फिरला. दार काढलं तर बायका कामातून सटकतील म्हणे.

"आणि मग लागली आग," हे म्हणाले.

लाकडी जिना पेटला. बायका आतून भिंत बडवताहेत, आणि बाहेरून आजींचे वडील कट्ट्यावर उभे राहून घणाने भिंत फोडताहेत. माणूस जाईल एवढं भोक पाडलं आणि एकेकीला ओढून काढलं. सगळ्या वाचल्या. पुढे मालकाने ते भोक बुजवून घेतलं आणि भिंत फोडली म्हणून त्यांना कामावरून काढलं. भिंतीवर तो तुकडा अजून वेगळा दिसतो, विटा जरा फिक्या आहेत. आमच्या यांनी त्या विटांसमोर गुडघे टेकून कितीदा डबी पुसली होती, पण कधी मनात आलं नाही.

"आणि अगं, त्या काय म्हणाल्या माहितीये? हल्ली कुणी कुणी येतात, भिंतीवर टकटक करतात आणि उलटा मिस्त्री, उलटा मिस्त्री म्हणून हसतात. पूर्वी असं नव्हतं. कुणीतरी काहीतरी पसरवलंय. तुम्ही नगरपालिकेचे, तेवढं शोधून काढा, म्हणाल्या. आणि इथे एक पाटी लावा, खरं काय ते लिहून. मी आहे तोवर लावा."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"म्हटलं, वर कळवतो."

"वर? वर कुठे? आपल्या माळ्यावर?"

मला हसू आलं आणि लगेच विरलंही.

माणूस वाईट नाही हो. वाईट असता तर मला सांगायला सोपं गेलं असतं. मी त्याच दिवशी म्हटलं, आधी ती गोष्ट बदला, फोन तुमच्या हातात आहे. हे बसले फोन घेऊन. दोन ओळी लिहिल्या, पुसल्या. मग म्हणे, शहानिशा नको का करायला, मुलीला आपला बाप मोठा वाटणारच. मग म्हणे, लोक खास ती गंमत वाचून येतात, एकदम आग आणि घण कसा घालू? मग म्हणे, पुढच्या आठवड्यात नीट बसून लिहितो. लिफ्ट अर्ध्यात अडकलेली असताना हा माणूस जेवणावरून उठून धावायचा. आणि इथे चार ओळी लिहायला याला मुहूर्त सापडेना. त्या शेऱ्यांची चटक लागली होती यांना. जन्मभर कुणी शाबास म्हटलं नव्हतं. लिफ्ट चालू असली की कुणाला मेकॅनिक आठवतो?

आणि तिकडे दर आठवड्याला चहा. आजी विचारायच्या, काय झालं आपल्या पाटीचं? हे म्हणायचे, चाललंय, वेळ लागतो. आजी म्हणायच्या, हो बाबा, सरकारी काम. आणि पुन्हा आगीची गोष्ट पहिल्यापासून सांगायच्या, एखादी नवी आठवण घालून. एकदा मीही गेले. त्यांनी माझा हात हातात घेतला.

"तुमचे मिस्टर फार चांगले हो. माझ्या भाचीलासुद्धा ऐकायला वेळ नाही. हे बिचारे नोकरी सांभाळून ऐकतात."

मी हातातलं बिस्किट बशीत परत ठेवलं. परत येताना रस्त्यातच यांना धारेवर धरलं. म्हटलं, लाज वाटत नाही का तुम्हाला? हे म्हणाले, वाटते, म्हणूनच सांगवत नाही. मी दोन दिवस अबोला धरला आणि तिसऱ्या दिवशी लग्नाच्या कपड्यांच्या कामात अडकले. माझंही असंच.

मग मधे महिनाभर गुडघेदुखीने यांचं जाणं झालं नाही, आणि त्यानंतर गेले ते लगेच परत आले. जॅकेट न काढताच खुर्चीत बसले.

नगरपालिकेने गावातल्या जुन्या खुणांवर पाट्या लावायचं काढलं होतं, खरोखरच्या नगरपालिकेने. त्यांची एक बाई गल्लीत घरोघर विचारत आली होती, या जिन्याबद्दल कुणाला काही माहिती आहे का. आजींकडेही आली होती.

"आजी काय म्हणाल्या?" मी विचारलं.

"म्हणाल्या, तुमच्या माणसाला सगळं सांगून झालंय. नारिंगी जॅकेटवाला, दर आठवड्याला येतो. त्याला विचारा. मला पुन्हा पहिल्यापासून सांगायचं म्हणजे दम लागतो." यांनी तोंडावरून हात फिरवला. "ती बाई हो हो म्हणून निघून गेली. आजी इतक्या खूश होत्या! म्हणाल्या, तुम्ही वर कळवलंत म्हणून आली ती."

मी हातातलं काम खाली टाकलं. "उठा. आत्ताच्या आत्ता जा नगरपालिकेत."

गेले. आधी इथेच बसून फोनवरची ती गोष्ट पुसली आणि खरी लिहिली. मी उभी राहून लिहून घेतली. इतके दिवस जे होत नव्हतं ते चहा गार व्हायच्या आत झालं, आणि मला तेव्हा रडूच आलं, की एवढंच होतं होय हे काम!

नगरपालिकेत यांना खूप वेळ बाकावर बसवलं. मग एका साहेबाने आत बोलावलं. यांनी जिन्याचं नाव काढलं आणि साहेब उठून उभाच राहिला. तोही तोच खेळ खेळणारा निघाला. "अहो, तो उलटा मिस्त्री तुमचा? तुमच्यामुळे तर आम्हाला माहिती मिळाली! गल्लीत कुणाला काही सांगता येईना, एक आजी होत्या त्यांचं जरा डोक्याचं, आपल्याकडचा कुणी माणूस येतो म्हणाल्या. शेवटी तुमचंच लिखाण घेतलं." यांनी सांगितलं की ते खोटं आहे, मी रचलंय. साहेब ओशाळला, पण म्हणाला, पाटी तर ओतून आली, पितळेची आहे, परवा लावायची. बदल पुढच्या टप्प्यात बघू, तुम्ही तसा अर्ज देऊन ठेवा. आणि परवा जरूर या हं, पाहुणे म्हणून.

हे घरी येऊन भिंतीकडे तोंड करून झोपले. दिवसाउजेडी झोपलेले मी यांना कधी पाहिले नव्हते.

मी म्हटलं, पाटी लागायच्या आधी जाऊन आजींना सगळं सांगा. शिव्या देतील, द्या म्हणावं. हे म्हणाले, हो. दुसऱ्या दिवशी सकाळी आजींच्या घराचा जिना चढून दारापर्यंत गेले, आणि आतून आजी भाचीला विचारत होत्या की माझी निळी शाल इस्त्री केलीस का, नगरपालिकेचा निरोप आलाय, उद्या पाटी लागतेय. हे तिथूनच परत फिरले.

पाटी लागली त्या दिवशी फारसं कुणी नव्हतं. साहेब आला, फडकं बाजूला केलं, फोटो काढला, दुसऱ्या ठिकाणी जायचं म्हणून गाडीत बसला. आजींना खाली उतरायला वेळ लागला. भाची कामावर गेलेली, मीच हाताला धरून उतरवलं. निळी शाल, केस चापूनचोपून बसवलेले. आम्ही पोचलो तोवर गल्ली रिकामी झाली होती. जिन्याच्या पायथ्याशी हे तेवढे उभे होते, साध्या शर्टात. जॅकेट नव्हतं म्हणून आजींना ओळखू येईना.

"नगरपालिका आले नाहीत?" त्यांनी मला विचारलं.

"इथेच आहे, आजी," हे म्हणाले.

"आलात ना! बरं झालं. केलंत हो तुम्ही. शब्द पाळलात." आजींनी यांचं कोपर धरलं. "मला काही दिसायचं नाही. वाचा बघू. अगदी जसं लिहिलंय तसं वाचा."

पितळ नुकतं पुसल्यासारखं चकचकत होतं. वर मोठ्या अक्षरांत 'उलटा जिना', आणि खाली यांचीच वाक्यं, नकाशा, टकटक, सगळं. मी ती अक्षरं बघत होते आणि मला घरी यांच्या मांडीवरचा फोन आणि आमचं दोघांचं हसणं आठवत होतं. मी यांच्याकडे पाहिलं. म्हटलं, आता तरी सांगतील.

यांनी घसा साफ केला आणि वाचायला लागले.

"या जिन्याला दार नाही, कारण ते काढू दिलं गेलं नाही," हे म्हणाले. पाटीत असलं काही नव्हतं. "कारखान्यात लोखंडकाम करणाऱ्या एका माणसाने तो सुट्टीच्या दिवसांत स्वतःच्या हातांनी उभा केला, वर काम करणाऱ्या बायकांसाठी. आग लागली तेव्हा त्याने याच कट्ट्यावरून घणाने भिंत फोडली आणि सगळ्या बायकांना बाहेर काढलं. फोडलेली जागा वर फिक्या विटांनी ओळखू येते. या जिन्यामुळे एकही जीव गेला नाही."

यांच्या जिभेवर ते सगळं तयार होतं. आजींनीच इतक्या वेळा सांगून तयार केलेलं. आजींचे डोळे वाहत होते आणि त्या ते पुसत नव्हत्या. मान हलवत होत्या, जशी आपण ओळखीची गोष्ट ऐकताना हलवतो तशी. मीही रडत होते. मनात म्हटलं, जाऊ दे, देवा, हे खोटं आम्हाला पचू दे, एवढ्यावर निभावू दे.

"छान लिहिलंय," आजी म्हणाल्या. "थोडक्यात, पण छान. आणि नाव कुठे आलंय? वर आहे की खाली?"

"कुणाचं?" यांच्या तोंडून गेलं.

"बाबांचं. वाचा ना. त्यांचं नाव कुणी मोठ्याने घेतलेलं ऐकून जन्म लोटला मला."

यांनी माझ्याकडे पाहिलं. मी यांच्याकडे. मला माहीत नव्हतं. यांनाही नव्हतं. इतके चहा झाले, घणाचं वजन विचारून झालं, वेलबुट्टी कशाने काढली ते विचारून झालं, लोखंड कुठून आणलं तेही. आमच्या बोलण्यात ते आपले 'आजींचे वडील', आणि त्याआधी उलटा मिस्त्री.

आजी कान देऊन उभ्या होत्या. चेहऱ्यावर अजून हसू होतं.

"लिहिलं नाही का?" त्यांनी विचारलं.

यांनी पाटीच्या खालच्या ओळीवरून एकदा बोट फिरवलं.

"तुम्ही विचारलंच नव्हतं," आजी म्हणाल्या. रागाने नाही. त्यांना ते त्याच क्षणी लक्षात आलं होतं, आणि त्याच्या मागोमाग आणखीही काही लक्षात येत असावं, कारण चेहऱ्यावरचं हसू हळूहळू गेलं. दिसत काही नव्हतं तरी त्यांनी पाटीकडे तोंड वळवलं. मग यांच्या कोपरावरचा हात काढून घेतला आणि चाचपडत माझा दंड धरला.

"मला घरी सोडा," त्या म्हणाल्या.